तिझोनने धरलेली बाही

निरोप रेडिओवरून आला, म्हणजे तो सगळ्या बेटांनी ऐकला.

दुपारी साडेबाराला निरोप वाचतात. कुणाची लाँच कधी सुटणार, कुणाला मुलगा झाला, कुणाला बटाट्याचं बियाणं हवंय, सगळं त्यात असतं. बेलिसारियो चिग्वाय तेव्हा सूप पीत होता. रेडिओवरच्या बाईने नेहमीच्याच सुरात वाचलं, "बेलिसारियो चिग्वाय यांना ओयार्सो कुटुंबाकडून निरोप. तुम्ही दिलेला कुत्रा सुनेच्या अंगावर जातो. बाही धरून तिला ओढतो. शनिवारी आमच्याकडे डुक्कर कापायचं आहे. त्या दिवशी येऊन कुत्रा घेऊन जावा. नाहीतर आम्ही काय ते करू." लगेच पुढचा निरोप सुरू झाला, कुणाच्या तरी हरवलेल्या बैलाचा.

चमचा त्याच्या हातात तसाच राहिला. कुत्र्याला मारतील ही भीती त्याला नंतर वाटली. आधी वाटली ती दुसरीच. त्याच्या डोक्यात एकच शब्द राहिला होता. बाही.

शनिवारी सकाळी तो लाँचमध्ये बसला तेव्हा थोरली मुलगी नोल्फा बरोबर आली. त्याने बोलावलं नव्हतं.

"बाही म्हणाले ना गं?" त्याने विचारलं.

"ऐकलं मी."

"पायाला चावतो म्हणाले असते तर गोष्ट वेगळी होती."

"बाबा, हळू बोला." नोल्फाने मागे पाहिलं. मागे दोन बायका कोंबड्यांची टोपली घेऊन बसल्या होत्या आणि इंजिनाचा आवाज असूनही त्यांचे कान इकडेच होते. "आपण जायचं, कुत्रा घ्यायचा, तीनच्या भरतीला लाँच सुटते तिने परत यायचं. बस्स."

"तिला तेच होतंय, नोल्फा. तुझ्या आईला व्हायचं तेच."

"आपल्याला काही माहीत नाही."

"कुत्र्याला माहीत आहे."

"कुत्र्याला बोलता येत नाही, ही देवाची कृपा समजा," नोल्फा म्हणाली आणि शाल डोक्यावरून ओढून घेतली.

एर्मेलिंदाला झटके यायचे. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात बेलिसारियोने पहिला पाहिला होता आणि नंतर चाळीस वर्षांत मोजणं सोडून दिलं होतं. तिच्या आईलाही यायचे. त्या बाईचा डावा गाल चुलीत पडून भाजलेला होता. बेटांवर अशा घराला लोक नाव ठेवतात. करणी आहे म्हणतात, त्या घरची मुलगी करत नाहीत. म्हणून धाकट्या झुनिल्दाचं ओयार्सोंकडे ठरलं तेव्हा एर्मेलिंदा आणि नोल्फाने मिळून सांगितलं होतं, आजीचा गाल घराला आग लागली तेव्हा भाजला. आणि या फेब्रुवारीत एर्मेलिंदा गेली तेव्हा नोल्फाने दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं, हृदय बंद पडलं. ती चुलीच्या दगडावर डोकं आपटून गेली हे बाप आणि त्याच्या दोन मुली यांनाच ठाऊक होतं.

तिझोनला कुणी काही शिकवलं नव्हतं. काळा कुळकुळीत, विझलेल्या लाकडासारखा, म्हणून ते नाव. तो वर्षाचा झाला तेव्हापासून एर्मेलिंदाला झटका येण्याआधी, कधी पाच मिनिटं तर कधी दहा, अस्वस्थ व्हायचा. भुंकायचा, तिची बाही दातात धरायचा आणि चुलीपासून, विहिरीपासून, जिथे असेल तिथून तिला मागे ओढायचा. ती हसून म्हणायची, "आलं बघा बोलावणं," आणि लोकरीच्या पोत्यांवर जाऊन बसायची. नऊ वर्षं असं चाललं.

एर्मेलिंदा गेल्यावर महिनाभरातच बेलिसारियोने तो कुत्रा झुनिल्दाला देऊन टाकला. दिवसभर मी होड्या बांधायला जातो, त्याच्याकडे कोण बघणार, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. लोकांना ते पटलंही.

*

ओयार्सोंच्या धक्क्यावरूनच चरबीचा वास येत होता. डुक्कर पहाटे कापून झालं होतं. घराच्या मागे चुलीची खोप होती, खिडकी नसलेली, मधोमध आग आणि आगीवर साखळीने टांगलेली मोठी काहील. खोपीच्या फटीफटीतून धूर निघत होता.

बेलिसारियोने दार उघडलं तसा आतून विहीणबाईंचा आवाज आला.

"दार! दार लावा आधी! लाकडं काय समुद्रातून वाहत येतात माझ्याकडे?" आणि मग, त्याला पाहून, त्याच आवाजात, "या व्याही. या नोल्फाबाई. बसा. हात गार असतील तर मांसाला लावू नका."

ओर्फेलिना ओयार्सो सत्तरीची, नवऱ्यामागे वीस वर्षं घर चालवणारी. सुरी हातात घेऊन ती डुकराचे भाग करत होती आणि समोर ताटं मांडली होती. डुक्कर कापलं की शेजाऱ्यांना, सोयऱ्यांना ताट जातं. ज्याने घेतलं त्याने आपलं डुक्कर कापल्यावर तसंच भरून परत पाठवायचं. त्याला योको म्हणतात. ज्याला योको जात नाही त्याच्याशी संबंध संपला असं सगळे समजतात. बेलिसारियोने नकळत ताटं मोजली. अकरा होती. दर वर्षी बारा असायची.

"कुत्रा कुठंय?" त्याने विचारलं.

"होडीच्या शेडमागे. साखळीला," थोरला मुलगा रुदेसिंदो म्हणाला. तो कोपऱ्यात लाकडं फोडत होता. "सकाळपासून भुंकतोय. रक्ताचा वास गेलाय डोक्यात. असा कुत्रा एकदा माणसावर गेला की गेला. मी आईला म्हटलं, कशाला म्हाताऱ्याला त्रास देता, एक काडतूस आहे माझ्याकडे."

"एकच आहे का?" नोल्फा म्हणाली. "नेम चुकला तर?"

दोघंतिघं हसले. नोल्फा पण हसली, आणि बेलिसारियोला तिचं ते हसणं आवडलं नाही.

झुनिल्दा खोपीत नव्हती. ती ओढ्यावर आतडी धुवायला गेली होती. तिची अडीच वर्षांची पोरगी, माइलेन, आजीच्या पायाशी बसून डुकराच्या शेपटीचा तुकडा चघळत होती.

आधी तो शेडमागे गेला. तिझोन उठून उभा राहिला, शेपटी दोनदा हलवली, त्याचा हात हुंगला. एक कान फाटलेला दिसत होता. बेलिसारियोला वाटलं होतं की अंगावर उडी मारेल, रडेल. तसं काही झालं नाही. हात हुंगून झाल्यावर कुत्र्याने मान वळवली आणि तो ओढ्याकडे बघू लागला. साखळी ताणून, कान उभे करून, तो फक्त तिकडेच बघत होता.

*

झुनिल्दाचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. या बेटांवर जुलैत हिवाळा असतो, ओढ्याच्या कडेला अजून बर्फाची पापडी होती. डाव्या मनगटाला तिने फडकं गुंडाळलं होतं.

"दात लागले का?" ओढ्यावर येऊन बेलिसारियोने विचारलं.

"खरचटलंय. मी हिसका दिला म्हणून." तिने वर पाहिलं नाही. "बाबा, त्याला घेऊन जा."

"किती वेळा झालं?"

"काय किती वेळा?"

"झुनिल्दा."

तिने आतडं उलटं केलं, पाण्यात सोडलं, पुन्हा उचललं. "तीनदा. मे महिन्यापासून. एकदा गोठ्यात, एकदा घरात, एकदा बाहेर. कुणी पाहिलं नाही. तो आधी ओढतो, मी कुठेतरी जाऊन बसते. जाग येते तेव्हा अंगाला अंग लावून बसलेला असतो."

"आणि तू त्याला घालवतेस?"

"तो ओढतो ते लोकांना दिसतं ना! गेल्या रविवारी सासूबाईंच्या समोर ओढलं. त्या दिवशी मी दोन शिव्या घालून बाहेर पळाले, गवताच्या गंजीमागे. आणखी किती दिवस पळू? आज ना उद्या कुणाच्या तरी ध्यानात येईल." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पलीकडच्या वाडीतल्या सुनेला कळल्यावर परत पाठवलं, बाबा. पोरगं इकडे ठेवून घेतलं. ती धक्क्यावर येऊन उभी राहते, लांबून बघते. माइलेनला मी लांबून बघू का?"

"तुझा निबाल्दो तसा नाही."

"चांगलाच आहे तो. पण आईसमोर त्याचा आवाज निघत नाही."

"कुत्रा नसला तर तुला आधी कळणार कसं?"

"आईला कळलं का शेवटी? तेव्हा तर तो घरातच होता."

पाण्यात आतड्याची लांब पांढरी दोरी वाहत होती. बेलिसारियो त्या दोरीकडे बघत राहिला.

"शपथ घ्या," झुनिल्दा म्हणाली. "आईची. इथे काही बोलणार नाही म्हणून."

"बरं," तो म्हणाला. शपथ त्याने घेतली नाही. तिच्या ते लक्षात आलं, पण तेवढ्यात खोपीतून हाक आली, "सूनबाई! काहील ढवळायला कोण तुझी आई येणार आहे?" आणि ती टोपली उचलून धावली.

*

जेवण खोपीतच झालं. किसलेल्या बटाट्याच्या मिलकाओ चरबीत तळून निघत होत्या. झुनिल्दा काहिलीपाशी उभी होती, वल्ह्याएवढा चाटू दोन्ही हातांनी धरून. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं सुनेनेच काहील ढवळायची असा ओर्फेलिनाचा नियम होता. चरबी पिवळी, स्वच्छ, वरून एकदम शांत दिसत होती. एक मिलकाओ सोडली की खालून फसफसून वर यायची. माइलेन आईच्या झग्याला धरून उभी होती.

"पोरीला जरा लांब घ्या," बेलिसारियो म्हणाला.

"आमची पोरं आगीपाशीच मोठी होतात, व्याही," ओर्फेलिना म्हणाली. "तुमच्याकडे काय समुद्रात मोठी होतात?" मग सुरी पुसत तिने मुद्द्याला हात घातला. "मी स्पष्ट बोलते. मला तो कुत्रा पहिल्या दिवसापासून नको होता. काळा, आणि बाई मेलेल्या घरातून आलेला. अशा जनावरात काय शिरून येईल सांगता येत नाही. तो फक्त सुनेलाच का धरतो? मला का नाही? रुदेसिंदोला का नाही?"

"दादाला धरलं तर कुत्र्यालाच विषबाधा होईल," निबाल्दो म्हणाला. झुनिल्दाचा नवरा तो. हसू आलं नाही कुणाला, तेव्हा तो खाकरला आणि पुढे बोलला. "आई, मे महिन्यात भटके कुत्रे मेंढरांवर आले तेव्हा एकट्याने तिघांना पळवलं त्याने. कान फाटेपर्यंत. आणि माइलेन धक्क्याच्या टोकाला गेली होती तेव्हा हाच आडवा पडला होता तिच्यापुढे. ती ओलांडायला गेली की उठून उभा राहायचा. मी पाहिलंय. तो वाईट कुत्रा नाही."

"मग बायकोचं मनगट कशाने सोललं?" रुदेसिंदोने विचारलं.

निबाल्दोने बायकोकडे पाहिलं. "तूच सांग ना. तो तुला का ओढतो?"

चाटू थांबला नाही. "मला काय माहीत? जनावर आहे. घेऊन जाऊ द्या त्याला."

"बघा," नोल्फा पटकन म्हणाली, "तीच म्हणतेय. विहीणबाई, चूक आमचीच. आईच्या मागे त्या कुत्र्याचं डोकं फिरलंय. आम्ही घेऊन जातो, तिकडे काय करायचं ते बाबा करतील. तुमच्या घराला त्रास नको."

सगळ्यांनी बेलिसारियोकडे पाहिलं. ओर्फेलिना, तिचे दोन मुलगे, नोल्फा. फक्त झुनिल्दा आगीकडे बघत होती. तिच्या मानेवरची शीर उडताना त्याला दिसली. बोललो तर हिची पोरगी जाईल, तो मनात म्हणाला. नाही बोललो तर ही जाईल.

"घेऊन जातो," तो म्हणाला.

ओर्फेलिनाने मान डोलावली आणि अकराव्या ताटावर मांसाचा तुकडा ठेवला.

*

साखळी सोडून त्याने दोरी बांधली. तिझोन शेडच्या कोपऱ्यापर्यंत आला आणि खाली बसला. बेलिसारियोने दोरी ओढली. कुत्रा पोटावर घसरत दोन हात आला आणि त्याने पंजे चिखलात रुतवले.

"चल रे. चल घरी."

कुत्रा भुंकू लागला. सकाळपासूनचं भुंकणं वेगळं होतं. हे तुटक होतं, घाईचं होतं, एकाला एक न लागलेलं. हे भुंकणं त्याने फेब्रुवारीत शेवटचं ऐकलं होतं.

"गप," तो म्हणाला. "गप रे, गप." आणि दोरीला हिसका दिला.

तिझोनने दात दाखवले. दहा वर्षं ज्याच्या ताटातलं खाल्लं त्या माणसावर तो गुरगुरला, नाक आक्रसून, हिरड्या दिसेपर्यंत. बेलिसारियोचा हात सैल पडला. कुत्र्याने मान मागे घेतली, दोरीचा फास डोक्यावरून निघाला आणि तो खोपीकडे धावला.

म्हातारा त्याच्यामागे धावला. चिखलात एकदा पडला, उठला. खोपीचं दार थंडीमुळे लावलेलं होतं. तिझोन दारावर आदळत होता, आणि आतून ओर्फेलिना ओरडत होती, "उघडू नका! उघडू नका रे!"

बेलिसारियोने दाराला खांदा दिला. दार उघडलं.

कुत्रा सरळ आगीपाशी गेला. माणसं भिंतीला चिकटली. त्याने झुनिल्दाची डावी बाही धरली, फडक्यासकट, आणि मागे रेटा दिला. चाटू काहिलीच्या कडेवर आपटला, उकळती चरबी राखेत सांडून जाळ उठला. माइलेन किंचाळली. रुदेसिंदोने कुऱ्हाड उचलली.

"थांब!" बेलिसारियो मध्ये गेला. कुऱ्हाडीचं पातं त्याच्या छातीपासून वीतभर होतं. "मारू नकोस! निबाल्दो, पोरीला उचल! झुनिल्दाला खाली बसवा, आगीपासून लांब, आधी तिला खाली बसवा!"

"बाबा," झुनिल्दा म्हणाली.

"तिला झटका येणार आहे. तिच्या आईला यायचे. तिच्या आजीला यायचे. कुत्र्याला आधी कळतं."

कुणी हललं नाही.

मग निबाल्दोने एका हाताने पोरीला उचललं, दुसऱ्या हाताने बायकोचा दंड धरला आणि तिला भिंतीकडे नेलं. तिथे बटाट्याची पोती होती. ती बसली. तिझोनने बाही सोडली आणि तिच्या पायांवर आडवा पडला.

"खोटं आहे," झुनिल्दा म्हणाली. तिने बापाकडे पाहिलं. तिने कधीच त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. "आई गेल्यापासून यांचं डोकं ठिकाणावर नाही. मी ठीक आहे. बघा ना. मला काहीसुद्धा होत नाहीये."

आणि खरंच तिला काही होत नव्हतं. ती ताठ बसली होती. चेहरा लाल, श्वास व्यवस्थित.

"बाबांना हल्ली असं होतं," नोल्फा म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "परवा आईलाच हाक मारत होते."

रुदेसिंदोने कुऱ्हाड खाली केली नव्हती. ओर्फेलिना एकदा सुनेकडे, एकदा व्याह्याकडे बघत होती. एक मिनिट गेलं असेल. दोन गेली असतील. बेलिसारियो उभा होता आणि त्याला कळत नव्हतं की आपण काय मागतोय. मी चुकलेलो असू दे, त्याने मनात म्हटलं. मला वेड लागलेलं असू दे. कुत्र्याला मारू देत, लोक मला हसू देत, पण हे खोटं निघू दे.

"माझी शाल द्या," झुनिल्दा म्हणाली. "थंडी वाजते..."

वाक्य तिथेच राहिलं. तिचे डोळे दाराच्या वर कुठेतरी लागले. उजवा हात मांडीवर टकटक करू लागला, कुणीतरी दार वाजवावं तसा. मग सगळं अंग ताठ झालं आणि ती पोत्यांवरून खाली आली.

"करणी!" कुणीतरी ओरडलं. ओर्फेलिनाने लाकडी चमचा उचलला आणि तिच्या तोंडाकडे नेला.

"तोंडात काही घालू नका," बेलिसारियो म्हणाला. तो गुडघ्यांवर आला होता. "कुशीवर करा. असं. डोक्याखाली शाल. धरू नका तिला, दाबू नका. नुसतं बसा. संपतं हे."

तिझोन तिच्या पाठीला पाठ लावून पडला होता. तिचं अंग हलत होतं तसा तोही हलत होता, पण उठला नाही. निबाल्दो पोरीचं तोंड आपल्या खांद्यात दाबून उभा होता.

ते संपायला दोन मिनिटंही लागली नसतील. मग ती घोरू लागली, दमलेल्या माणसासारखी.

*

कुणीतरी जाळ विझवला. ओर्फेलिना बाकावर बसली. बराच वेळ ती काहिलीकडे बघत होती, आणि काहिलीसमोरच्या रिकाम्या जागेकडे, जिथे सून सकाळपासून उभी होती.

"हृदय म्हणालात, व्याही."

"हो."

"घराला आग लागली म्हणालात."

"हो."

"मला खोटं सांगून मुलगी दिलीत माझ्या घरात."

"हो."

नोल्फा काहीतरी बोलायला गेली. ओर्फेलिनाने सुरी वर केली, नुसती वर केली, आणि नोल्फा गप्प बसली.

"आई," निबाल्दो म्हणाला. "ती कुठेही जाणार नाही." आवाज मोठा नव्हता, पण निघाला. "जायची असेल तर मीही जाईन, आणि पोरगीही."

"तुला कुणी विचारलं?" ओर्फेलिना म्हणाली. मग ती झोपलेल्या सुनेकडे वळली. "मीच उभी केली होती तिला तिथे. मीच. पोरगी झग्याला धरून होती." तिने हात एप्रनला पुसले, कोरडे होते तरी पुसले. "करणी आहे की आजार, मला कळत नाही. कास्त्रोला, शहरात, दवाखाना आहे ना?"

"गोळ्या देतात," बेलिसारियो म्हणाला. "झोप येते म्हणून एर्मेलिंदाने सोडल्या होत्या. हिला सोडू देऊ नका."

"मी सांगितलेलं या घरात कुणी सोडत नाही. आजपासून ती काहिलीपाशी जाणार नाही. रुदेसिंदो, ढवळ."

"मी?"

"मग काय कुत्रा ढवळणार? आणि ती कुऱ्हाड ठेव."

रुदेसिंदोने चाटू घेतला. "म्हणजे आता हे सगळं रेडिओवर जाणार," तो पुटपुटला.

"रेडिओवर काय जायचं ते मी ठरवते," ओर्फेलिना म्हणाली. ती उठली, फळीवरून बारावं ताट काढलं आणि भरू लागली. बरगडी, काळजाचा तुकडा, दोन मिलकाओ. भरताना एकदाही तिने बेलिसारियोकडे पाहिलं नाही. ताट त्याच्या हातात ठेवलं तेव्हाच पाहिलं.

"खोटं मी विसरणार नाही, व्याही. मरेपर्यंत विसरणार नाही. पण ताट परत आलं पाहिजे. भरून."

*

निबाल्दो त्याला धक्क्यापर्यंत सोडायला आला. नोल्फा पुढे चालत होती, एकटीच. झुनिल्दा जागी झाली होती, पण बापाशी बोलली नव्हती. तिने फक्त माइलेन कुठे आहे एवढं विचारलं होतं, आणि पोरगी मांडीवर दिल्यावर भिंतीकडे तोंड केलं होतं. तिझोन तिच्यापाशीच होता. बेलिसारियोने निघताना सवयीने शीळ घातली. कुत्र्याने शेपटी हलवली आणि जागेवरून हलला नाही.

"मला सांगा," निबाल्दो म्हणाला. "मी काय काय करायचं?"

"आज केलं तसंच. कुशीवर. किती वेळ चाललं ते बघायचं. नंतर ती रडेल, चिडेल, तिला बोलू द्यायचं. विहिरीवर एकटी पाठवायची नाही."

"बरं."

लाँचवाल्याने भोंगा दिला. बेलिसारियो ताट दोन्ही हातांत धरून उभा होता. ते अजून गरम होतं.

"आणि दार," तो म्हणाला.

"कसलं दार?"

"कुत्रा भुंकायला लागला तर कंटाळायचं नाही. रात्र असो, पाहुणे असोत, तू दमलेला असशील. त्याला बाहेर काढून कडी घालायची नाही." "फेब्रुवारीत मला एक होडी पाण्यात उतरवायची होती, पहाटेपासून राबत होतो. दुपारी जरा डोळा लागला होता. तो भुंकत होता. ती म्हणाली, आलं वाटतं बोलावणं, बसते मी एवढं दूध उतरवून. तो भुंकतच होता. मी उठलो, त्याला मानेला धरून बाहेर टाकलं आणि कडी घातली. परत येऊन झोपलो. तो दारावर नखं मारत होता. मला ऐकू येत होतं."

निबाल्दोने म्हाताऱ्याच्या हातातलं ताट घेतलं, त्याला लाँचमध्ये चढू दिलं आणि ताट परत दिलं.

"नाही घालणार कडी," तो म्हणाला.

लाँच वळली तेव्हा बेलिसारियोने मागे पाहिलं. वारा सुटला होता, बारीक गार पाऊस तिरका पडत होता, आणि चढावरची खोप धुराने भरलेली होती. तिचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर काळं काहीतरी बसलं होतं, तोंड आत करून. त्याने कान दिला. दार लावा म्हणून कुणी ओरडत नव्हतं.